पावसाळा आला की डिस्प्ले जातो: लाकडी कॅबिनेटची दुरुस्ती

जून संपत आला की माझ्या कॉम्प्युटरचं हे ठरलेलं. बटण दाबलं की पंखे फिरायचे, कीबोर्डचा दिवा लागायचा आणि स्क्रीन काळीच राहायची. सलग तीन पावसाळे हेच चाललं. ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवलं की चार-पाच दिवस ठीक, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दिवाळीच्या सुमारास त्रास आपोआप थांबायचा आणि पुढचा मे उलटेपर्यंत एकदाही व्हायचा नाही. ज्यांनी घरी लाकडाचं कॅबिनेट बनवलंय आणि ज्यांना असंच काही होतंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. कार्ड विकू नका, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलू नका. बहुतेक वेळा दोष मागच्या फळीत असतो, आणि ती फळी न टाकता तो काढता येतो.

माझं कॅबिनेट सागवानाचं आहे. कोकणातल्या आमच्या जुन्या घराची पडवी उतरवली तेव्हा तिथल्या फळ्या मी पुण्याला आणल्या. वरचा काळपट थर रंध्याखाली निघाला आणि आतून मधासारखा रंग दिसला, तेव्हाच यांचं कॅबिनेट करायचं हे पक्कं झालं. एप्रिलमध्ये काम सुरू केलं, मे संपता संपता पेटी उभी राहिली. फळ्या १८ मिमी जाडीच्या. टॉवर उभा. बाजूच्या एका फळीवर पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचे छोटे खांब) ठोकून त्यावर मदरबोर्ड, आणि त्या फळीच्या कडेला काटकोनात चिकटवलेली मागची फळी. मागच्या फळीत पोर्टांसाठी एक खिडकी, कार्डांच्या पत्र्यांसाठी दुसरी. कार्डाचा स्क्रू जिथे बसतो तिथे अॅल्युमिनियमची एक पट्टी त्याच मागच्या फळीला घट्ट आवळली. गुण्या लावून पाहिला, सगळं काटकोनात होतं. कार्ड खाचेत गेल्यावर खाचेच्या टोकाचं कुलूप टक् करून लागलं.

ती अॅल्युमिनियमची पट्टी लक्षात ठेवा. सगळा घोळ तिच्यापाशीच आहे.

आधी लक्षणं नीट ओळखू, कारण काळी स्क्रीन दहा कारणांनी होते. या दोषात मदरबोर्डवरचा व्हीजीएचा, म्हणजे ग्राफिक्समधला दोष दाखवणारा, छोटा दिवा लागून राहतो. बोर्डाला स्पीकर जोडलेला असेल तर काही बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) एक लांब आणि दोन आखूड बीप ऐकू येतात. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल आणि केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तर चित्र व्यवस्थित येतं. म्हणजे रॅम, प्रोसेसर, डिस्क सगळं धडधाकट आहे आणि फक्त कार्ड बोर्डाला दिसत नाहीये. कधीकधी काम चालू असतानाच स्क्रीन जाते आणि कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगानं घोंघावायला लागतात. पण सगळ्यात मोठी खूण म्हणजे तारखा. मी दर वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारत होते. तिसऱ्या वर्षी तीनही कॅलेंडरं शेजारी ठेवली, तर जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत फुल्याच फुल्या, आणि नोव्हेंबर ते मे कोरे. बिघडलेलं कार्ड ऋतू पाहून बिघडत नाही.

हे कळायच्या आधी मी काय काय केलं तेही सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्या वर्षी खोडरबरानं कार्डाचे सोनेरी दात घासले, रॅमचेही घासले. लगेच चालू झालं. आपल्याकडे हा उपाय प्रत्येकाला ठाऊक असतो आणि तो लागू पडला असं वाटतं, म्हणूनच तो फसवा आहे. खोडरबरानं काहीच झालेलं नव्हतं. घासण्यासाठी कार्ड बाहेर काढलं आणि परत बसवताना अंगठ्यानं जोर लावून दाबलं, तेवढ्यानं संपर्क जुळला होता. दुसऱ्या वर्षी दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं एसएमपीएस अशक्त झालाय म्हणून नवा घातला. दुकानात त्याच्या टेबलावर सगळं उघडं मांडून दोन दिवस चालवलं, काही अडचण नाही. घरी आणून पेटीत बसवलं आणि आठवड्यात पुन्हा काळोख. खरं तर उत्तर तिथेच मिळालं होतं: उघड्यावर चालतं, पेटीत चालत नाही. मला ते तेव्हा वाचता आलं नाही, आणि त्यालाही. लाकडी पेटी त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती.

उत्तर मिळालं ते बाल्कनीच्या दारामुळे. जुन्या इमारतीत राहतो आम्ही, दार लाकडी आहे. तिसऱ्या पावसाळ्यात ते इतकं घट्ट बसायला लागलं की खांदा लावून उघडावं लागे. सुतारकाकांना बोलावलं, म्हटलं कड थोडी रंधून द्या. त्यांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "ताई, आत्ता रंधा नको मारायला. आत्ता मारला तर थंडीत एवढी फट पडंल. फळी आडवी फुगती, उभी नाही. दिवाळीला दार आपोआप सुटंल."

आडवी फुगते, उभी नाही. ते गेल्यावर मी सरळ कॅबिनेटसमोर बसले आणि मागच्या फळीची रेषा कुठल्या दिशेनं जाते ते पाहिलं.

लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची जुडी. दमट हवेत त्या नळ्यांच्या भिंती ओल शोषून जाड होतात, त्यामुळे जुडी रुंद होते. लांबी जवळपास तेवढीच राहते. म्हणून उभी फळी उंचीत हलत नाही, रुंदीत हलते. त्यातही दोन प्रकार. फळीच्या तोंडावर डोंगराच्या शिखरांसारखे पट्टे दिसत असतील, तर ती ओंडक्याच्या कडेची चीर असते आणि ती जास्त फुगते. तोंडावर सरळ समांतर रेघा असतील तर ती जवळपास निम्मीच फुगते. सागवान ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत पहिल्या प्रकारात सुमारे ५.८ टक्के आकसतं, दुसऱ्या प्रकारात सुमारे २.५ टक्के. सागवान या बाबतीत अतिशय गुणी लाकूड आहे, बाकीची बरीच याहून जास्त हलतात. पण गुणी म्हणजे अजिबात न हलणारं नव्हे.

इथे एक समज मोडायला हवा, कारण मीही तोच धरून बसले होते: "साठ वर्षांचं सागवान आहे, ते आता कसलं हलतंय." जुन्या लाकडातली झाडाची मूळची ओल कधीच गेलेली असते हे खरं. पण हवेतली ओल घेण्याचा आणि सोडण्याचा लाकडाचा स्वभाव वयानं जात नाही. आमच्या पडवीच्या फळ्या साठ पावसाळे असंच करत आल्या होत्या. तिथे त्या खिळ्यांवर सैल होत्या, म्हणून कुणाला जाणवलं नाही.

आता कार्डाकडे येऊ. टॉवरमध्ये मदरबोर्ड उभा असतो आणि ग्राफिक्स कार्ड त्याला काटकोनात, आडवं बसतं. कार्डाचे दात मदरबोर्डच्या खाचेत, आणि मागच्या टोकाचा पत्रा मागच्या भिंतीला. त्या पत्र्याचं वरचं दुमडलेलं टोक पट्टीवर टेकतं आणि तिथे स्क्रू बसतो. म्हणजे कार्ड दोन गोष्टींनी धरलेलं असतं: मदरबोर्डनं आणि मागच्या भिंतीनं. लोखंडी कॅबिनेटमध्ये या दोन्हींतलं अंतर जन्मभर एकच राहतं. माझ्या पेटीत मदरबोर्डच्या फळीपासून त्या पट्टीपर्यंतचं ११५ मिमी अंतर कशानं ठरत होतं? मागच्या फळीच्या रुंदीनं. नेमकी जी दिशा फुगते तीच.

हिशेब करून पाहिला. आर्द्रता मोजायचं टोच्याचं मीटर आणलं. मे महिन्यात फळीत ८ टक्के ओल होती, ऑगस्टमध्ये १४. माझी फळी डोंगरपट्ट्यांची. अशा सागवानात ओल एक टक्क्यानं वाढली की रुंदी साधारण ०.१८६ टक्क्यानं वाढते. ११५ मिमी गुणिले ०.००१८६ गुणिले ६, म्हणजे सुमारे १.३ मिमी. मग व्हर्नियर लावून प्रत्यक्ष मोजलं: मे महिन्यातल्या मापापेक्षा १.२ मिमी जास्त. इतकं जवळ उत्तर आलं तेव्हा खरंच अंगावर शहारा आला.

पावसाळ्यात पट्टी मदरबोर्डपासून दूर सरकते, पत्र्याचं टोक तिच्यावर टेकलेलं असल्यामुळे तीही सोबत जाते आणि कार्डाचं मागचं टोक खाचेतून उचललं जातं. दुसऱ्या टोकाला खाचेचं कुलूप असतं, ते कार्ड सोडत नाही. त्यामुळे कार्ड सरळ वर येत नाही, तिरकं होतं. पट्टीपाशी १.२ मिमी, खाचेच्या तोंडाशी त्याहून थोडं कमी. एवढ्या उचलीनं नीट बसलेलं कार्ड कदाचित तगलंही असतं. पण मी पट्टी मुळातच अर्धा मिमी बाहेर लावली होती, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच कार्ड पूर्ण तळाशी नव्हतं. आणि पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या खाचेत, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेत, एकूण १६४ संपर्क असतात, त्यातले २२ मधल्या खुंटीच्या अलीकडच्या आखूड भागात, नेमके मागच्या भिंतीच्या बाजूला. खाचेतून कार्डाला मिळणारा १२ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा आणि रीसेटचा इशारा याच भागातून जातो. खुंटी ओलांडल्यावर लगेच डेटाची पहिली जोडी. म्हणजे जे टोक उचललं जातं त्याच टोकाला कार्डाचा जीव आहे. उलट्या टोकाचं काही सुटलं असतं तर कार्ड निदान कमी वेगानं तरी चाललं असतं.

तुमच्याकडे हेच घडतंय का, हे नक्की करायला तीन चाचण्या पुरतात. प्रत्येक वेळी आधी कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा आणि मगच आत हात घाला.

पहिली पेन्सिलची. कोरड्या दिवसांत, कार्ड व्यवस्थित चालत असताना, खाचेच्या वरच्या कडेला लागून कार्डाच्या हिरव्या किंवा काळ्या बोर्डावर बारीक रेघ ओढा. दोन्ही टोकांना. काळ्या बोर्डावर पेन्सिल दिसत नाही, तिथे कागदी चिकटपट्टीचा चिमूटभर तुकडा लावा. जुलैत टॉर्च लावून पाहा. माझ्याकडे कुलपाकडची रेघ जागेवर होती आणि मागच्या भिंतीकडची खाचेच्या कडेवर उचललेली दिसत होती, मध्ये कार्डाची एक बारीक पांढुरकी फट. ती फट एकदा पाहिली की आणखी कुठल्या पुराव्याची गरज राहत नाही.

दुसरी स्क्रूची. पत्र्याचा स्क्रू पूर्ण सैल करा आणि कार्ड अंगठ्यानं खाचेत दाबा. ते खाली जात नसेल किंवा गेलं तरी हात काढल्यावर वर येत असेल, तर पत्र्याचं टोक पट्टीवर आधीच टेकलंय आणि कार्डाला तळ गाठायला जागाच नाही.

तिसरी टेबलाची. मदरबोर्ड पेटीतून काढून त्याच्याच खोक्यावर ठेवा. खोकं टेबलाच्या अगदी कडेला हवं, कारण कार्डाच्या पत्र्याची खालची जीभ बोर्डाच्या पातळीखाली जाते, तिला लोंबकळायला जागा लागते. स्क्रू न लावता चार-पाच दिवस असंच चालवा. एकदाही स्क्रीन गेली नाही तर कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस तिघेही निर्दोष आहेत.

भर पावसात तात्पुरता उपाय हवा असेल तर असं करा. ती पट्टी काढा, तिची भोकं कानशीनं लांबट करा, साधारण ४ बाय ८ मिमी. कार्ड आधी खाचेत पूर्ण तळाशी बसवा, मग पट्टी सरकवून पत्र्याच्या टोकाला नुसती भिडवा आणि त्या जागी आवळा. उन्हाळ्यात फळी आकसली की पट्टी उलट आत येईल आणि स्क्रूनं पत्र्याला सोबत ओढेल, तेव्हा पुन्हा सैल करून जुळवावी लागेल. वर्षातून दोनदा हे करायची तयारी असेल तर एवढ्यावरही निभतं. स्क्रूच काढून टाकू नका. उभ्या टॉवरमध्ये जड कार्डाचं सगळं वजन मग खाचेवर येतं आणि ती कालांतराने बोर्डावरून उचकटते. अगदीच नाइलाज असेल तर टॉवर आडवा झोपवा, म्हणजे कार्ड उभं राहील आणि वजन सरळ खाली जाईल.

कायमचा उपाय मात्र एकच आहे आणि तो मनापासून सांगते: मदरबोर्ड आणि कार्डाचा स्क्रू, हे दोन्ही एकाच धातूच्या तुकड्यावर असायला हवेत. लाकडानं त्या तुकड्याला सांभाळावं, त्याची मापं ठरवू नयेत.

मी पुण्याच्या जुन्या बाजारातून भंगारातलं एक लोखंडी कॅबिनेट तीनशे रुपयांना आणलं. बुधवारी किंवा रविवारी गेलात तर अशी कॅबिनेटं हमखास मिळतात. बाहेरून कितीही पोचे असोत, मदरबोर्डचा ट्रे आणि मागचा पत्रा सरळ आहे ना, तेवढं बघा. या दोन गोष्टी पॉप रिव्हेटनं एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांचा आपसातला सांधा अजिबात सोडवू नका, तोच तर आपण विकत घेतोय. बाकीच्या बाजूंचे रिव्हेट ड्रिलनं डोकी उडवून काढले की ट्रे आणि मागचा पत्रा मिळून एक एल आकाराचा सांगाडा हातात येतो. त्यात पोर्टांची खिडकी, कार्डांच्या खाचा, १२० मिमी पंख्याची जागा, स्टँडऑफची भोकं, सगळं कारखान्यात मोजून केलेलं असतं. कापलेल्या कडा कानशीनं नीट मारून घ्या. माझ्या तळहातावर अजून एक पांढरी रेघ आहे. आणि हे कानसकाम, ड्रिलिंग पेटीपासून लांब करा, लोखंडाचा एक कीस बोर्डावर राहिला तर नवाच बिघाड ओढवेल.

मग लाकडी मागच्या फळीत खिडकी मोठी केली. सांगाड्याचा मागचा पत्रा तिच्यातून डोकावतो आणि त्याच्या चारही बाजूंना लाकूड तीन मिमी लांब राहतं. सांगाडा तळाच्या फळीला बसवताना एकच स्क्रू घट्ट केला, मधला पुढचा. बाकीच्या तीन ठिकाणी पत्र्याची भोकं लांबट केली, रुंद वायसर घातले, स्क्रू पूर्ण आवळला आणि पाव फेरा उलटा फिरवला. लाकडाला हलायचंय ना, हलू दे, सांगाडा त्याच्या पोटात तसाच राहतो. जुन्या दारांमध्ये चौकटीच्या खोबणीत फळी मोकळी ठेवलेली असते, तिला फेविकॉल कधीच नसतो, ते यासाठीच. आपल्या सुतारांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. कॅबिनेट बनवताना आपण कॉम्प्युटरवाल्यांकडून मापं घेतो, पण सुतारांना काही विचारत नाही, ही खरी गडबड.

भंगार मिळालं नाही तर २५ बाय २५ बाय ३ मिमीचा अॅल्युमिनियम अँगल वापरा. मदरबोर्ड १२ मिमी प्लायवर घ्या आणि स्क्रूची पट्टी मागच्या फळीऐवजी त्या प्लायवर उभ्या केलेल्या अँगलला लावा. बोर्डाच्या खाचेपासून पट्टीपर्यंतचं अंतर मग अॅल्युमिनियम ठरवतो, आणि दमट हवेशी त्याला काही घेणंदेणं नाही. रायझर केबल (कार्ड आणि खाच यांना जोडणारी लांब केबल) लावून कार्ड वेगळं बसवणं हा तिसरा मार्ग आहे. त्यात ताण केबल सोसते. पण पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या कार्डाला ३.० ची केबल लावलीत तर बायोसमध्ये वेग ३.० वर ठेवावा लागतो, नाहीतर तीच काळी स्क्रीन वेगळ्या कारणानं दिसेल आणि तुम्ही पुन्हा फळीला दोष द्याल.

प्लायचं कॅबिनेट असेल तर रुंदीत फुगण्याचा हा त्रास जवळपास नसतो, कारण त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात आणि एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. घेताना भारतीय मानकाचा शिक्का पाहा: आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) किंवा आयएस ७१० चा मरीन. साधा एमआर (फक्त ओलाव्याला तोंड देणारा) प्लाय पावसाळी भिंतीला टेकून राहिला की कडेनं थर सुटायला लागतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, दिसायला गुळगुळीत, कापायला सोपा, पण कडेनं ओल प्यायला की पावासारखा फुगतो आणि त्यातला स्क्रू पुन्हा पकड घेत नाही. मदरबोर्डसाठी तरी नको.

पॉलिशबद्दल दोनच गोष्टी. पॉलिशनं ओल थांबत नाही, उशिरा पोचते इतकंच. आणि बाहेरून लाखेचे चार हात आणि आतून कोरी फळी, असं कधीही करू नका. एक बाजू ओल घेते, दुसरी घेत नाही आणि फळीला बाक येतो. आतली बाजू कुणाला दिसत नाही म्हणून मी ती कोरी सोडली होती. झाकण त्यामुळेच मधोमध फुगीर झालं होतं, दोन्हीकडून सारखे हात दिल्यावर पुढच्या वर्षी बरंच निवळलं.

१९७६ साली ॲपल-१ नुसता बोर्ड म्हणून विकला जायचा, पेटी ज्याची त्यानं करायची, आणि कित्येकांनी ती लाकडाची केली. त्याआधी १९६४ मध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत बनलेला पहिला माउसही लाकडी ठोकळ्यातच होता. त्यामुळे लाकूड आणि कॉम्प्युटर यांचं जमत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एकच बोर्ड पेटीत आडवं पडलेलं असेल तर फळी एक-दीड मिमी हलली काय आणि न हलली काय. भिंतीला बांधलेलं जड कार्ड आलं आणि तिथून हा प्रश्न सुरू झाला.

पावसाळ्यात आणखी एक तक्रार हमखास येते, तिला या दोषाशी मिसळू नका: पेटीच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येणं. तो अर्थिंगचा प्रश्न आहे आणि तो ताबडतोब सोडवायचा. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे, घराच्या सॉकेटला अर्थ नसेल तर त्याच्या पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण ओल्या पायांना तो जाणवतो. मल्टिमीटरनं सॉकेटमध्ये फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. हे माप घ्यायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, सॉकेटशी खेळू नका. लाकडी पेटीत धोका असा की पंख्याची जाळी, हँडल, सांगाडा हे सगळे तुकडे सुटे असतात आणि त्यांना अर्थ आपोआप मिळत नाही. म्हणून एसएमपीएस त्याच्या चारही स्क्रूंनी त्या लोखंडी सांगाड्यालाच लावा. रंग असेल तर स्क्रूखालचा रंग खरवडा. मग प्लगच्या मोठ्या पिनेपासून सांगाड्यापर्यंत रोध मोजा, एक ओहमच्या आत यायला हवा. तिसरी पीन कापलेली एक्स्टेंशन बोर्ड घरात असेल तर ती आजच फेकून द्या.

उष्णतेचा बाऊ मात्र करू नका. लाकडातून उष्णता बाहेर जात नाही हे खरं, पण लोखंडी कॅबिनेटमध्येही बहुतेक उष्णता हवाच नेते. समोर खालून थंड हवा आत, मागून वर गरम हवा बाहेर, दोन्हीकडे १२० मिमीचे पंखे, भोकांचं अंतर १०५ मिमी. पंख्यासमोर शोभेची नक्षी कोरून निम्मी वाट अडवू नका. बाकी कार्ड ८५ अंशांवर गेलं तरी लाकूड पेट घेण्यापासून फार लांब आहे.

सांगाडा बसवून आता एक पूर्ण पावसाळा गेला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, चार दिवस सूर्य दिसला नव्हता तेव्हा, टॉर्च घेऊन पाहिलं. मीटर १५ टक्के दाखवत होतं, आतापर्यंतचा सगळ्यात जास्त आकडा. मागच्या खिडकीत लाकूड आणि पत्रा यांच्यातली फट एका बाजूला तीनची चार मिमी झाली होती. कार्डावरच्या दोन्ही रेघा खाचेच्या कडेला चिकटून होत्या. वरचं झाकण तेवढं खोबणीत आवळून बसलंय, त्याला मी रंधा लावलेला नाही.